सगळ्यांना ‘हो’ म्हणणारी खिडकी

आदिलाबादेत लोक मला अजूनही ‘कंप्युटरबाई’ म्हणतात. काम सोडून बरीच वर्षं झाली, पण बाजारात गेले की भाजीवाली हटकून विचारते, "कंप्युटरबाई, माह्या पोराच्या मोबाइलात काहीतरी होऊन राह्यलं, पाहता का जरा?" मी पाहते. बहुतेक वेळा तो बंद करून पुन्हा चालू केला की बरा होतो आणि माझी कीर्ती आणखी वाढते. माझी बरीचशी कीर्ती अशाच प्रकारे जमलेली आहे. जी कामं मी जीव लावून केली ती कुणाला आठवत नाहीत. ज्या कामासाठी मला हार घातला, शाल दिली आणि पेपरात फोटो छापला, त्या कामाबद्दल आज लिहिते आहे, कारण त्या फोटोत काय दिसत नाही ते मला एकटीलाच ठाऊक आहे. बाकी जे होते त्यातले काही गेले आणि काही विसरले.

मी मूळची मुधोळची. ऐंशीच्या दशकात टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि आदिलाबादला राजन्ना सरांच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. पुढे सरांनी दोन कंप्युटर आणले. त्या खोलीत चपला काढून जायचं, खोलीला पडदे, आणि गार हवा फक्त यंत्रांना. आम्ही बाहेर घाम पुसत टाइपरायटर बडवायचो. लोक कंप्युटरवर पत्रिका काढून घ्यायला यायचे. घरच्या जोश्याने जमत नाही म्हणून सांगितलेलं स्थळ आमच्या प्रिंटरने जमतं म्हणून सांगितलं की पेढे वाटायचे. एक कापसाचे व्यापारी तर म्हणाले होते, "जोशी माणूस हाय बाई, चुकन. मशीन काऊन चुकन?" आम्ही हसलो होतो. त्या प्रोग्रामात मुलीची जन्मवेळ मी स्वतः घाईत चुकीची टाकली होती, हे मला त्यांचा पेढा खाल्ल्यावर कळलं. ते जोडपं सुखी आहे, त्यामुळे विषय तिथेच संपला.

नव्वदचं दशक संपत आलं तसं सगळ्यांना वेबसाइटची हौस सुटली. आमच्या गावात इंटरनेट म्हणजे हैदराबादला ट्रंक कॉल लावल्यासारखा फोन लावायचा, मोडेम किंचाळायचं, आणि एक चित्र उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. तरीही वेबसाइट हवीच होती. जिल्ह्यात नोकरीसाठी नावं नोंदवून घेणारी एक कचेरी होती. कुठली आणि कुणाची ते सांगत नाही. तिथल्या साहेबांनी राजन्ना सरांना बोलावून सांगितलं की आमचीही वेबसाइट झाली पाहिजे. ती जगात कुठेही दिसणार नव्हती. कचेरीच्या बाहेरच्या खिडकीत एक कंप्युटर ठेवायचा, उमेदवाराने तिथे येऊन आपल्या कार्डाचा नंबर टाकायचा, आणि नोंद चालू आहे की नाही ते पाहायचं. म्हणजे घरबसल्या काही नाही, मोटार बदलून बाजारहत्नूरहून यायचं, रांगेत उभं राहायचं आणि वेबसाइट पाहायची. पण उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘वेबसाइट’ असंच छापलं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अशा कामाला दोन बाजू असतात. पुढे दिसतं ते पान: रंग, चौकट, नंबर टाकायची जागा, बटण. मागच्या खोलीत असतो सर्व्हर, म्हणजे सगळी कार्डं ज्यात भरली आहेत असं कपाट. पुढचं पान दिसायला कितीही देखणं असलं तरी त्याला स्वतःला काही म्हणजे काही माहीत नसतं. बटण दाबलं की ते मागे विचारायला जातं आणि मिळालेलं उत्तर आणून दाखवतं. कुणाला विचारायचं, त्याचा पत्ता पानाच्या आत एका ओळीत लिहिलेला असतो. ती एक ओळ म्हणजे आमचा सगळा धंदा.

काम चालू असताना मागचा सर्व्हर कधीच वेळेवर तयार नसतो. मग आम्ही काय करायचो, तर त्याच यंत्रावर एक लहानसा नकली सर्व्हर लिहायचो. प्रत्येक कंप्युटरला स्वतःलाच हाक मारायचा एक पत्ता असतो. पानात तो पत्ता टाकायचा. पान विचारतं, यंत्र स्वतःशीच बोलून उत्तर देतं, आणि आपल्याला पान नीट चालतं का ते पाहता येतं. खरा सर्व्हर आला की त्या ओळीत खरा पत्ता टाकायचा. यात फसवाफसवी काही नाही. सगळे असंच करतात. घराला दार बसेपर्यंत चौकटीवर पडदा लावतात, तसंच ते.

उत्तरं तीनच ठरली होती. नाव दाखवायचं नाही, कारण दुसऱ्याची माहिती कुणी पाहू नये, असं साहेबांचं म्हणणं होतं. एक उत्तर, नोंद आहे, नूतनीकरणाची गरज नाही. दुसरं, नोंद आहे, पण अमुक तारखेच्या आत नूतनीकरण करा. तिसरं, नोंद सापडत नाही. ही नोंद दर तीन वर्षांनी नवी करून घ्यावी लागे. मुदत चुकली की नोंद बाद, आणि बाद झाली की वर्षानुवर्षं रांगेत सरकत पुढे आलेलं नाव पुन्हा शेपटाला.

सर्व्हर आला होता, पण थर्माकोलच्या खोक्यात होता. त्याच्या खोलीला गार हवेचं यंत्र बसल्याशिवाय खोकं उघडायचं नाही असा नियम, आणि ते यंत्र कुठल्या तरी फाइलीत अडकलेलं. इकडे मोठे पाहुणे दौऱ्यावर येणार म्हणून उद्घाटनाची तारीख तीन आठवडे अलीकडे आली. मी म्हटलं, सर, मागे काहीच जोडलेलं नाही. राजन्ना सर तेलुगू घरचे, पण माझ्याशी मराठीच बोलायचे. शांतपणे म्हणाले, "अम्मा, मागं कोन पाहते? पाहुने काय बी टाइप करतील, उत्तर चांगलंच आलं पाह्यजे."

मी तसं करून दिलं. तीन उत्तरांपैकी पहिलंच ठेवलं. काहीही टाका, ‘रेकॉर्ड फाउंड. रिन्यूअल नॉट रिक्वायर्ड.’ हिरव्या अक्षरांत, कडेला फुलांची वेलबुट्टी. शिवाय माझ्या सोयीसाठी त्या नकली सर्व्हरला मी एक सवय लावून ठेवली होती. कुणी कोणता नंबर टाकला आणि कधी, हे तो गुपचूप एका फाइलीत लिहून ठेवायचा. काही बिघडलं तर शोधायला बरं पडतं.

उद्घाटन थाटात झालं. कंप्युटरला हार घातला, मॉनिटरवर कुंकवाचं बोट ओढलं, नारळ फोडताना पाणी कीबोर्डवर उडालं, ते मी पदराने पुसलं. पाहुण्यांपाशी कार्ड कुठून असणार? त्यांनी आपल्या मोटारीचा नंबर टाकला. रेकॉर्ड फाउंड. रिन्यूअल नॉट रिक्वायर्ड. टाळ्यांचा कडकडाट. पाहुण्यांचा चेहरा असा खुलला की मला क्षणभर वाटलं, खरंच आपण काहीतरी मोठं केलं. मग मला शाल मिळाली आणि फोटो निघाला.

त्या कचेरीत रहीमसाब नावाचे जुने कारकून होते. निझामाच्या अमलात त्यांचे वडील त्याच दफ्तरात होते, त्यामुळे रहीमसाबांना सगळी कार्डं खणांसकट पाठ. ते खिडकीच्या आत टेबलाशी बसायचे, पुढ्यात नूतनीकरणाचं लाल कापडी बांधणीचं रजिस्टर. उमेदवाराने यायचं, सही करायची, त्यांनी कार्डावर मोहर मारायची. टाळ्या थांबल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्याडम, तुम्हारा ये डब्बा साइन लेता क्या?" मी म्हटलं, त्याची गरजच नाही, चाचा. ते म्हणाले, "अच्छा," आणि रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं. मला त्यांची कीव आली. आता हे आठवलं की मान खाली जाते.

यानंतर जे झालं ते आमच्याकडेच होऊ शकतं. पाहुणे गेल्यावर साहेबांनी हुकूम सोडला, "मशीन का ओपनिंग हो गया. अब उस को कोई टच नहीं करेगा." सामानाच्या नोंदवहीत ‘उद्घाटन झालेले यंत्र, एक’ असं लिहिलं गेलं. मोठ्या माणसाच्या हातचं यंत्र, त्याच्या स्थितीत फरक पडला तर जबाबदार कोण? म्हणून फ्लॉपी, म्हणजे नवं काही यंत्रात टाकायची चकती, घालायच्या खाचेवर कागदाची पट्टी चिकटवून, दोन्ही टोकांना लाख लावून सील केलं. लाख रहीमसाबांनी लावली, सही साहेबांनी केली. हार मात्र सुकून काळा होईपर्यंत तसाच ठेवला.

पंधरा दिवसांनी गार हवेचं यंत्र आलं, सर्व्हर खोक्यातून निघाला, मागच्या खोलीतून खिडकीपर्यंत भिंतीला भोक पाडून तार ओढली. कार्डं भरून झाली होती. मी पानातली ती एक ओळ बदलली, नवं पान फ्लॉपीवर घेतलं आणि सरांच्या हातात दिलं. संध्याकाळी विचारलं, टाकलं का? सर म्हणाले, "झालं अम्मा." खरं काय झालं होतं, ते नंतर कळलं. सरांनी साहेबांना सील उघडायचं विचारलं. साहेब म्हणाले, अर्ज द्या, वर पाठवू. सरांनी अर्ज दिला आणि फ्लॉपी खिशात टाकली. त्यांच्या लेखी ते झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीवर जाऊन स्वतः तपासलं. रहीमसाबांकडून एक चालू कार्ड मागून घेतलं, नंबर टाकला. रेकॉर्ड फाउंड. रिन्यूअल नॉट रिक्वायर्ड. अगदी बरोबर उत्तर. मी समाधानाने चहा प्यायले. फ्लॉपीच्या खाचेवरचं सील जसंच्या तसं होतं, ते मला दिसलंही होतं. सरांनी तारेतून पान टाकलं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. आपल्याला जे हवं ते दिसलं की माणूस पुढचं पाहत नाही. दहा वर्षं हे काम करणाऱ्या बाईने एकदा, फक्त एकदा, वेडावाकडा नंबर टाकून पाहायला काय हरकत होती?

तो महिना मी रोज दुपारी खिडकीवर बसायचे, लोकांना कसं विचारायचं ते दाखवायला. गर्दी बेसुमार. हिरवी अक्षरं वाचून दाखवली की लोक हात जोडून जायचे. एका म्हाताऱ्याने रेशनकार्डाचा नंबर टाकला आणि गरज नाही म्हटल्यावर खुशीत गेला. मी त्याला थांबवून म्हटलं, बाबा, हे रेशनचं नाही. तो म्हणाला, "असू दे बाई, चांगलं बोलून राह्यली ना मशीन." तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. रेशनकार्डाचा नंबर नेमका कुणाच्या तरी नोंदणीशी जुळला असेल, असं मी स्वतःला समजावलं.

त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुनंदा आली. इचोड्याची. नवऱ्याचं हमरस्त्याला लागून ट्रकांच्या ताडपत्र्या आणि दोरांचं दुकान. तिने शिवणकामाची परीक्षा पास करून नाव नोंदवलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. यादीत ती आता पहिली होती. एका आश्रमशाळेत शिवणशिक्षिकेची जागा निघणार असल्याचं तिच्या कानावर आलं होतं. तिच्या वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती, म्हणजे ही जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर पुढे अर्जसुद्धा करता येणार नव्हता. हे सगळं तिने रांगेत उभ्या उभ्या मला सांगितलं, कारण मी मराठी बोलणारी निघाले. बाकी कचेरीत ती हिंदी-तेलुगूची कसरत करत होती.

तिने नंबर टाकला. चार हजार सातशे बारा. हिरवी अक्षरं आली. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ताई, माहं तर या महिन्यातच करावं लागते म्हनून कार्डावर लिवलं हाय. पुन्हा एकडाव पाहता का?" मी पुन्हा टाकला. तेच उत्तर.

आतून रहीमसाब म्हणाले, "फिर भी आव बेटी. साइन कर के जाव. एक मिनट का काम है." त्यांनी रजिस्टर उघडून पेन पुढे केलं. तिने पेन घेतलं होतं. मी हसून म्हटलं, "राहू द्या हो चाचा, कशाला बिचारीला पुन्हा रांगेत? आता मशीनने सांगितलं ना. तुमचं रजिस्टर आता आरामात ठेवा." रांगेतले दोघंतिघं हसले. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि गेली. तिला इचोड्याची मोटार धरायची होती.

रहीमसाबांनी पेनाचं टोपण लावलं.

पुढचा महिना अर्धा झाला असेल, सुनंदा परत आली. या वेळी रांगेत उभी न राहता सरळ माझ्यापाशी. आश्रमशाळेसाठी नावं वर गेली होती, त्यात तिच्या मागच्या नंबरची बाई होती आणि ती नव्हती. तिने आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "ताई, माहं नाव काऊन नाही?"

मी नंबर टाकला. रेकॉर्ड फाउंड. रिन्यूअल नॉट रिक्वायर्ड. मी विजयी मुद्रेने रहीमसाबांकडे पाहिलं, जणू यादी त्यांनीच चुकवली. त्यांनी बाद कार्डांचा गठ्ठा सोडला आणि सुनंदाचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मुदतीत सही नाही म्हणून बाद. यादी कार्डांच्या खणातूनच निघाली होती, हाताने, नेहमीसारखी. मग त्यांनी गठ्ठ्यातलं आणखी एक जुनं कार्ड काढून मला दिलं. "म्याडम, ये नंबर डालो."

मी टाकला. रेकॉर्ड फाउंड. रिन्यूअल नॉट रिक्वायर्ड.

"ये आदमी गुजर को चार साल हुए," रहीमसाब म्हणाले. "मय्यत में मैं गया था. बराबर बोलता तुम्हारा डब्बा. मरे सो आदमी को रिन्यूअल कायको लगेगा?"

रांगेत हशा पिकला. मी हसले नाही. मी मागच्या खोलीत गेले. सर्व्हर गार हवेत निवांत गुरगुरत होता. त्याच्याच कीबोर्डवर मी चार हजार सातशे बारा टाकला. त्याने तत्काळ सांगितलं, मुदत संपली, नोंद बाद. महिन्याभरापूर्वी विचारलं असतं तर त्याच महिन्यात सही करा म्हणून सांगितलं असतं. खरं उत्तर इतके दिवस एका भिंतीपलीकडे तयार होतं, तार ओढलेली होती, तारेवरचा हिरवा दिवाही लुकलुकत होता. फक्त त्याला कुणी विचारलंच नव्हतं. पुढचं पान आपलं स्वतःलाच विचारत होतं आणि स्वतःलाच शाबासकी देत होतं.

मी सरांना गाठलं. फ्लॉपी अजून खिशातच असावी तसा त्यांनी चेहरा केला. मग साहेबांकडे गेलो. मी सांगितलं, चूक झाली, महिनाभर खिडकी सगळ्यांना खोटं सांगत होती, या बाईचं नाव यादीत घालायला एक पत्र पाठवा. साहेब जे म्हणाले ते मी मराठीत सांगते. म्हणाले, खिडकी खोटं सांगत होती याचा अर्थ उद्घाटन खोटं झालं. उद्घाटन तर झालेलं आहे. पेपरात फोटो आहे, तुम्हीच उभ्या आहात शाल घेऊन. तेव्हा ही बाई खिडकीवर आलीच नव्हती, असं असू शकतं. ती आली होती याला पुरावा काय? रजिस्टरमध्ये तिची सही दाखवा.

सही नव्हती, कारण ती मी करू दिली नव्हती.

पुरावा मात्र होता. त्या नकली सर्व्हरला मी लावलेली ती सवय. खिडकीतल्या यंत्रात ती फाइल होती आणि त्यात सुनंदाचा नंबर, मुदतीतल्या तारखेसकट, दोनदा. पण त्या यंत्राला हात लावायचा नव्हता. साहेब म्हणाले, सील उघडायला अर्ज करा. सर मला जिन्यात म्हणाले, "अम्मा, सोडून दे. तुझंच नाव खराब होईल. बाई तर कालपरवाची वळख." मी त्यांना काही तरी वाईट बोलले. बारा वर्षांत पहिल्यांदा बोलले, आणि ते बोलणं त्यांच्यापेक्षा मला स्वतःला जास्त लागू पडत होतं.

खिडकीवर येऊन पाहते तर रहीमसाब चष्मा वर करून फ्लॉपीच्या खाचेवरची लाख पेन्सिलीच्या चाकूने खरवडत होते. "सील मैं लगाया था," ते म्हणाले, "मैंइच निकालता. मेरी नोकरी के दो महिने बाकी. क्या करते करने दो."

फाइल निघाली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर ती छापायला घेतली तर कागद संपेना. सगळे नंबर, महिनाभर हात जोडून गेलेले सगळे लोक. त्यात पाहुण्यांच्या मोटारीचा नंबर अगदी वर. मुदतीतल्या त्या दिवशी चार हजार सातशे बारा दोनदा, एकाखाली एक. त्या कागदासोबत मी माझ्या हाताने लिहून दिलं की पान माझं, नकली उत्तर माझं, तपासणी माझी, आणि सही करू नका असं त्या बाईला सांगणारीही मीच. राजन्ना सरांचं नाव लिहिलं नाही. ते काही मोठेपणाने नाही, रागाच्या भरात मला दुसऱ्या कुणाचं नाव त्या कागदावर नकोच होतं.

साहेबांनी कागद वर पाठवला. तेवढं श्रेय त्यांना देते, जरी त्यांनी सोबत जोडलेल्या पत्रात ‘खासगी संस्थेच्या महिला कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’ असे शब्द घातले होते. शब्द खोटे नव्हते. वरून हुकूम आला, त्या छापील कागदावरच्या सगळ्यांची बाद झालेली नोंद मागच्या तारखेने चालू करावी. सगळ्यांची झाली. सुनंदाचीही झाली. फक्त हुकूम यायला सात आठवडे लागले, आणि आश्रमशाळेची मुलाखत पाचव्या आठवड्यात होऊन गेली होती. मागच्या नंबरच्या बाईला नोकरी लागली. तिचा काही दोष नव्हता. वर्ष संपलं तसं सुनंदाचं वयही बसेना.

नवी मोहर मारलेलं तिचं कार्ड पोस्टाने गेलं असतं. मी ते घेऊन इचोड्याला गेले. दुकानात ती जमिनीवर बसून ट्रकची ताडपत्री शिवत होती, मोठ्या दाभणाने, तळव्याला चामड्याचा तुकडा बांधून. मला पाहून उठली, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मी कार्ड दिलं. तिने मोहर वाचली, तारीख वाचली, आणि दुकानातल्या फळीवर देवाच्या तसबिरीमागे नीट ठेवून दिलं. ते कार्ड आता कशालाही लागणार नव्हतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

मी म्हटलं, "मशीनमुळे फार मोठं नुकसान झालं तुमचं." एवढं सगळं लिहून देऊनही तोंडातून आलं ते ‘मशीनमुळे’.

ती म्हणाली, "मशीनीवर माहा कुठं भरोसा होता, ताई? म्हनून तर दोनदा पाह्यला लावलं. पेन घेतलं होतं ना म्या हातात. तुमी म्हनल्या, राहू द्या." मग म्हणाली, "आपली बाई हाय, म्हनून ऐकलं."

चहा आला. तो मी प्यायले. पुढे काय बोलले ते आठवत नाही.

माझा आणि साहेबांचा तो फोटो त्या कचेरीत बरीच वर्षं भिंतीवर होता. त्यांना संगणकीकरणाबद्दल प्रशस्तिपत्रक मिळालं. रहीमसाब दोन महिन्यांनी सन्मानाने निवृत्त झाले. सील कुणी तोडलं याची चौकशी झालीच नाही, कारण चौकशी करायची तर ते का तोडलं, हे लिहावं लागलं असतं. जाताना त्यांनी लाल रजिस्टर नव्या माणसाला नाही, मला दाखवलं. म्हणाले, "म्याडम, ये ‘ना’ बोलना जानता था. तुम्हारेवाले को वो नई सिखाया तुमने."

पुढे मी खूप पानं जोडली, खूप सर्व्हर जोडले. हैदराबादहून मोठ्या पगाराची पोरं येऊन चालू नंबर टाकायची, हिरवं उत्तर आलं की म्हणायची, मॅडम, झालं. मी म्हणायचे, थांबा. अजूनही कुठली नवी खिडकी दिसली, बँकेची असो की विजेच्या बिलाची, की माझं बोट आधी त्याच आकड्यांवर जातं. चार, सात, एक, दोन. मग यंत्र जरा विचार करतं आणि सांगतं, अशी कुठलीही नोंद आमच्याकडे नाही.

मग मी समजते की जोडणी बरोबर झाली आहे.